कात्री कुणाच्या हातात?

९ जानेवारी

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. तुझे बाबा ठणठणीत, मी ठणठणीत, फ्रिज तेवढा खोकतोय.

तर माझ्या डिग्रीचा आता एकच पेपर उरलाय, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन. आठ वर्षांपूर्वी संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं तेव्हा मी वर्गात सगळ्यात म्हातारी होते, आणि तो मान मी अजून सोडलेला नाही. नोंदणी आठच वर्षं टिकते. जूनपर्यंत हा पेपर सुटला नाही तर आधीचे तेवीस पाण्यात गेले. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी 'तात्पुरती सहायक' आहे हे तुला माहीतच आहे. अकरा वर्षं तात्पुरती! डिग्रीशिवाय तो शब्द काही पुसला जायचा नाही.

सर तेच आहेत, तुला हा विषय शिकवणारे. परीक्षा ओपन नोट्स. वही उघडी ठेवून लिहायचं, पण वही स्वतःच्या हस्ताक्षरातली हवी. छापील नको, झेरॉक्स नको, दुसऱ्याच्या हातचं एक अक्षर नको. म्हणून तुझी ती हिरवी वही मला पाठव, मी सगळी उतरवून काढते. उतरवण्यात मला कोण हरवणार आहे? एकवीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. इंजिनिअर पेन्सिलीनं काढायचे, मी वर पारदर्शक कागद ठेवून शाईनं गिरवायचे. कॉम्प्युटर आले आणि ते ऑफिस बंद पडलं, पण हात अजून शाबूत आहे.

आणि फोन करू नकोस. फोनवर तू भरभर सांगतेस, मी 'हो, हो' म्हणते आणि ठेवला की पाटी कोरी. लिहिलंस की मला चार वेळा वाचता येतं.

तुझी आई


२० जानेवारी

प्रिय आई,

ऑफिसात माझ्या नावानं हातानं लिहिलेलं पाकीट आलं, तर शेजारच्या टेबलावरचा मला हळूच विचारतो, 'वकिलाचं आहे का?' म्हटलं, त्याहून कडक आहे, आईचं आहे.

वही पाठवते आहे, तीन कागदांत गुंडाळून. चहाचे डाग माझे आहेत, ते उतरवू नकोस.

आता नीट ऐक. उघड्या वहीच्या परीक्षेला कुणी घाबरतं का? प्रश्न वाचायचा, वहीत तसला प्रश्न शोधायचा आणि आकडे बदलून उतरवायचा. पहिल्या पानावर अनुक्रमणिका कर. महत्त्वाच्या पानांना रंगीत चिठ्ठ्या लाव, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध नको. पान ६३ तर हमखास येतंच. त्याला मला बारापैकी बारा होते आणि त्या वर्षीचं विषयाचं बक्षीसही मिळालं होतं. सगळं समजून घ्यायच्या भानगडीत पडू नकोस. तेवढा वेळही नाही आणि तेवढी गरजही नाही.

बाबांना सांग, फ्रिजला टेकून ठेवलेला स्टूल काढा, त्यानंच तो खोकतो.

तुझी लाडकी (हे मी स्वतःच लिहिते, तू कधी लिहीत नाहीस)
ठमी


२४ फेब्रुवारी

प्रिय लाडके ठमे,

घे, लिहिलं. आणि स्टूलच होता.

वही उतरवून झाली. एकशे बेचाळीस पानं. तुझे बाबा म्हणतात, एवढ्या वेळात घरातले सगळे पडदे शिवून झाले असते. मी म्हटलं, तुम्ही शिवा, हात कुणी धरलाय?

पण पान ६३ वर माझं घोडं अडलंय. आधी मला काय समजलं ते सांगते. एक छोटं यंत्र आहे, त्याच्याकडे मोजून लक्षात ठेवायला वही नाही, फक्त काही ठराविक जागा आहेत. एकेक अक्षर वाचलं की ते या जागेवरून त्या जागेवर जातं. आपल्याला दाखवायचंय की 'आधी काही अ आणि मग नेमके तितकेच ब' अशी ओळ ओळखणं असल्या यंत्राला जमायचं नाही. समोरचा म्हणतो, माझं यंत्र ओळखतं. मी म्हणते, बरं, मग ही घे लांबलचक ओळ. यंत्र छोटं, ओळ लांब, म्हणजे अ वाचता वाचताच ते कधीतरी आधीच्याच एखाद्या जागेवर परत येणार. त्या फेऱ्यात वाचलेला तुकडा दोनदा घातला तरी त्याला पत्ता लागत नाही. अ वाढले, ब तितकेच राहिले, आणि हे खुळं यंत्र तरीही 'बरोबर' म्हणतं. पकडलं! मला तर टाळी वाजवावीशी वाटली.

पण तुझ्या वहीत लिहिलंय, 'मधला तुकडा म्हणून आपण एकच अ घेऊ.' आपण का घेऊ? यंत्र त्याचं, फेरा त्याच्या यंत्राचा. तुकडा कुठून कुठवर कापायचा हे तोच ठरवणार ना? तो कुठेही कापो, आपण त्याला पकडायला हवं. कात्री नेमकी कुणाच्या हातात आहे?

ऑफिसात आमचा एक रिवाज होता. ट्रेसरनं चूक सुधारायची नाही. इंजिनिअरनं जिना खिडकीतून बाहेर काढला असेल तर आपणही काढायचा. फक्त समासात पेन्सिलीनं बारीक ठिपका द्यायचा. साहेबांना वाटलं तर बघतील, नाहीतर खोडतील. एकवीस वर्षांत मी तोंडानं 'साहेब, हे चुकलंय' असं एकदाही म्हटलं नाही. पान ६३ वर मी असा ठिपका दिलाय. तू बघून सांग.

तुझी आई


१८ मार्च

प्रिय आई,

उशीर झाला, रागावू नकोस. इथं कामानं नाकी नऊ आलेत.

ठिपका खोडून टाक. तू उगाच खोलात शिरते आहेस. आहे तसं लिही, मला पूर्ण गुण मिळालेत म्हणजे ते बरोबरच असणार की नाही? परीक्षेत फाटे फोडू नकोस. पाणी पी, घड्याळ समोर ठेव, आणि सोप्या प्रश्नापासून सुरुवात कर.

घाईत,
ठमी


२९ एप्रिल

प्रिय ठमे,

सदतीस. पास व्हायला चाळीस लागतात.

पान ६३ आलं होतं, तू म्हणालीस तसंच. मी चिठ्ठी लावलेलं पान उघडलं आणि ओळीला ओळ उतरवलं, एक काना इकडचा तिकडे केला नाही. बारापैकी दोन मिळाले. उत्तरपत्रिका बघायला मिळते, म्हणून मी बघून आले. सरांनी तुकड्याच्या ओळीखाली लाल रेघ मारून लिहिलंय, 'तुकडा तुम्ही कसा निवडलात?'

म्हणजे बघ, माझीच शंका, आणि तिच्यापायीच माझे गुण गेले. तिथं बसल्या बसल्या मला रडू आलं. नापास झाले म्हणून नाही, तेवढं मी सोसते. मला दिसत होतं की हे चुकलंय, आणि तरी मी गिरवलं, याचं रडू आलं.

तुला दोष देत नाही. पुरवणी परीक्षा २० जूनला आहे, तीच शेवटची. तुझे बाबा दोन दिवस पायांचा आवाज न करता चालतात. त्यांना म्हटलं, माणूस गेलेलं नाही, तीन गुण गेलेत.

तुझी आई


४ मे

प्रिय आई,

पत्र वाचलं. पण थांब, रडू नकोस, उपाय सापडलाय.

सर पेपर तपासून परत द्यायचे, आठवतंय? माझी ती उत्तरपत्रिका मी जपून ठेवली होती, बक्षिसाच्या कागदासोबत. काल ट्रंक उपसून काढली. तोच प्रश्न, तेच उत्तर, शब्दाला शब्द. त्यावर सरांच्या अक्षरात १२ लिहिलंय, खाली सही. फेरतपासणीच्या अर्जाला ही जोड. एकाच उत्तराला एकीला बारा आणि दुसरीला दोन, हे कुणालाही पटणार नाही. तीन गुण त्यांना द्यावेच लागतील. परत परीक्षा नको, काही नको.

सोबत पाठवते आहे. अर्जाची मुदत १५ तारखेपर्यंत आहे, मी चौकशी केली.

तुझी ठमी


१० मे

प्रिय ठमे,

तुझी उत्तरपत्रिका मिळाली. अक्षर किती सुंदर होतं गं तुझं. अर्ज मात्र मी करणार नाही.

कारण तुझं उत्तरही चुकीचंच आहे. सरांनी तेव्हा शंभरावर पेपर तपासले असतील, शेवटची ओळ बरोबर दिसली आणि बारा देऊन मोकळे झाले. आता मी तो कागद नाचवून तीन गुण मागायचे, म्हणजे एका चुकीच्या जोरावर दुसरी चूक पास करून घ्यायची. डिग्री मिळेल, पण लॅबमध्ये एखाद्या पोरानं येऊन विचारलं, 'बाई, हे असं का?' तर मी काय सांगू? ठिपका दाखवू?

तू आणि दादा लहान असताना घरात केक आणला की एकानं कापायचा आणि दुसऱ्यानं आधी उचलायचा, असा मी नियम केला होता. एकदा दादानंच कापला आणि दादानंच आधी उचलला, तेव्हा तू जिन्यात बसून केवढा आकांत केला होतास! सहा वर्षांची होतीस. तेव्हा तुला चांगलं कळत होतं.

म्हणून सरळच विचारते, आणि तूही सरळच सांग. पान ६३ तुला कधी समजलं होतं का?

तुझी आई


२६ मे

प्रिय आई,

दोन आठवडे उत्तर लिहीत होते आणि फाडत होते.

नाही. कधीच समजलं नव्हतं.

ते पान माझं नाहीच. वर्गात माझ्या शेजारी जी बसायची तिच्या वहीतून मी ते उतरवलं, आणि तिनं तिच्या ताईच्या वहीतून. मी वर्गात असायचे, पण तो भाग डोक्यावरून गेला. विचारायची लाज वाटली, कारण तोवर सगळे मला हुशार म्हणत होते. मग उघड्या वहीची परीक्षा आली, म्हटलं, सुटले. बारा मिळाले, बक्षीस मिळालं, टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्यांत मला एवढंच वाटत होतं की आता कुणी प्रश्न विचारू नये. मार्चमध्ये तू विचारलंस तेव्हा कामाचं मी खोटं सांगितलं. काम नव्हतं. मी ते पान उघडून बसले होते आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं.

माझ्यामुळे तू नापास झालीस. हे लिहिताना मला फार वाईट वाटतंय.

रविवारी मी पहिल्यांदा ते पान वाचलं. उतरवलं तेव्हा वाचलं नव्हतं. समोर एक रिकामी खुर्ची ठेवली. या खुर्चीत बसून ओळ लिहायची, मग उठून त्या खुर्चीत बसायचं आणि शत्रू बनून तुकडा कापायचा, जितका वाईट कापता येईल तितका. मग परत इकडे. बावीस वेळा उठले. घरमालकीण बाई दारातून बघून गेल्या. पण कळलं, आई. ओळीत पुरेसे अ घातले की तो कुठेही कापू दे, त्याच्या हाती अ सोडून काही लागतच नाही. तू खरंच बरोबर होतीस.

अर्ज केला नाहीस ते बरंच झालं. सरांना कधी हे कळलं तर कळू दे, आता मला त्याचं भय नाही. तुला सांगायचं होतं, ते सांगून झालं.

ठमी


२२ जून

प्रिय ठमे,

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले. तुला वाटतंय त्या कारणासाठी नाही. रिकाम्या खुर्चीसमोर बावीस वेळा उठणारी माझी पोर मला दिसली म्हणून. मग मीही खुर्ची मांडली, आणि आमच्याकडे खुर्ची रिकामी नव्हती, तुझे बाबा बसले. वाईट तुकडा कापण्यात ते इतके तरबेज निघाले की मला लग्नाबद्दल नव्यानं विचार करावा लागला.

परवा परीक्षा झाली. या वेळी वही नवी केली, सोळा पानांची, मला समजलं तेवढंच लिहिलेली. आम्ही अकरा जण होतो. बाकीच्यांपुढे वह्यांचे ढीग, रंगीत चिठ्ठ्या लावलेले.

तिसरा प्रश्न बारा गुणांचा. 'आधी कितीही अ आणि मग कितीही ब अशा ओळी ओळखणारं यंत्र असू शकत नाही, हे सिद्ध करा.' मी खुशीत ओळ निवडली. मनातल्या मनात तुझ्या बाबांना कात्री दिली. त्यांनी कापलं, मी तुकडा दोनदा घातला, तरी ओळ नियमात बसते! दुसरी ओळ घेतली. तेच. तिसरी घेतली. ते हसताहेत. माझ्या तोंडचं पाणी पळालं. म्हटलं, झालं, मला हे समजलंच नव्हतं.

मग परत वाचलं. कितीही अ, कितीही ब. तितकेच नाही, कितीही. मग मोजायचंय कशाला? मोजायचं नसेल तर यंत्राला अडचण काय? मी कोपऱ्यात तीन गोल काढले. एक अ वाचणारा, एक ब वाचणारा, आणि ब नंतर परत अ आला तर कायमचं अडकवणारा. यंत्र तयार! जे असू शकत नाही म्हणून सिद्ध करायचं, ते माझ्यासमोर कागदावर उभं.

देखरेखीला दुसऱ्या विभागाच्या बाई होत्या. मी हात वर केला. म्हटलं, 'बाई, तिसरा प्रश्न चुकलाय.' त्या म्हणाल्या, 'छापलंय तसं लिहा.' आजूबाजूला सगळे माना खाली घालून वहीतून उतरवत होते. चाळीस मिनिटं उरली होती. छापलंय तसं लिहायचं म्हटलं तर माझा हात त्यात मुरलेला आहे, तुला माहीत आहे. आणि मी चुकत असेन तर बारा गेले, डिग्री गेली, आठ वर्षं गेली.

मी शाईनं लिहिलं, 'प्रश्नात म्हटलेलं सिद्ध करता येणार नाही, कारण ते खरं नाही. यंत्र असं.' आणि तीन गोल काढले. परकार नव्हता, पण गोल माझे बरे येतात.

निकाल तीन आठवड्यांनी. जेवण जात नाही.

तुझी आई


३० जून

प्रिय आई,

मी चार वेळा चार वेगवेगळ्या ओळी घालून तुझं यंत्र चालवून बघितलं. ते चालतंय.

पण सरांना काय वाटेल कुणास ठाऊक. माझंही जेवण जात नाही.

ठमी


१५ जुलै

प्रिय ठमे,

पास. एकसष्ट.

आता पहिल्यापासून सांगते. सकाळी लॅब उघडत होते, तेवढ्यात सरांचा शिपाई आला, सरांनी बोलावलंय म्हणून. खोलीत गेले तर टेबलावर अकरा उत्तरपत्रिका ठेवलेल्या. म्हणाले, 'बसा. टाइप करताना माझ्याकडून प्रश्नातली एक अट गळली, अ हे ब पेक्षा जास्त हवेत अशी. अकरापैकी नऊ जणांनी जे खोटं आहे ते व्यवस्थित सिद्ध करून दाखवलं. एकानं जागा सोडली.' मग माझी उत्तरपत्रिका माझ्यापुढे सरकवली. बारापैकी बारा. त्यांनी विचारलं, 'हे वहीत कुठे होतं?' मी म्हटलं, 'कुठेच नव्हतं.'

'कुणी शिकवलं मग?'

'मुलीनं.'

तू त्यांना आठवतेस. चेहरा खुलला त्यांचा. म्हणाले, 'हुशार मुलगी. तुकडा कापायच्या त्या प्रश्नाला, पम्पिंग लेम्याला, तिला पूर्ण गुण दिले होते मी, आणि बक्षीसही.' मी 'हो' म्हटलं, नमस्कार केला आणि उठले. काम झालं होतं, गुण हातात होते, गप निघून येता आलं असतं. दारापर्यंत गेलेही.

तिथून वळले आणि म्हटलं, 'सर, ते गुण तुम्ही चुकून दिलेत. तुकडा तिनं स्वतःच कापला होता. दोन द्यायला हवे होते, मला दिलेत तसे.'

त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता चिडणार. पण त्यांनी विचारलं, 'तिला माहीत आहे?' मी म्हटलं, 'तिनंच मला लिहून कळवलं. ते वाचून तर मी शिकले.' त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, 'म्हणजे बारा देऊन मी तिला तसंच घरी पाठवलं. तिला शिकवायचं माझं राहूनच गेलं.' इतकं साधं बोलले गं, की मलाच त्यांची माया आली. त्यांनी तुझा पत्ता लिहून घेतलाय. तुला पत्र येईल. बक्षीस परत मागणार नाहीत, ते मी विचारून घेतलं.

तुला न विचारता तुझं गुपित फोडलं. रागावलीस तर रागाव, तुझा हक्क आहे. पण तुझे बारा गुण खोटे होते हे सांगितल्याशिवाय, तू नंतर जे केलंस ते किती खरं होतं हे त्यांना कसं कळणार होतं? आणि माझी पोर किती धीराची आहे हे एका तरी माणसाला सांगितल्यावाचून मला त्या खोलीतून बाहेर पडवेना.

तुझे बाबा विचारतात, साहेबाला तोंडावर चुकलात म्हणताना आवाज थरथरला का. मी म्हटलं, छे. ते म्हणाले, खरं सांग.

थरथरला. पण वाक्य पूर्ण केलं.

तुझी आई